थंड इंजिन आणि फुल स्पीड फॅन

आज अख्खी सकाळ गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून गेली. चावी ऑन केली की रेडिएटरचा फॅन लगेच फुल स्पीडमध्ये, इंजिन रात्रभर थंड पडलेलं असताना, आणि एसी पण बंद (एसी चालू असता तर फॅन फिरणं नॉर्मलच).

आधी फॅनचा रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रिक स्विच) उपटला, फॅन गप्प. म्हणजे रिलेच्या पुढची, फॅनकडे जाणारी वायर कुठे शॉर्ट नाही. मग वाटलं रिलेच आतून चिकटलाय, पण चिकटलेला रिले चावी काढल्यावरही बरेचदा फॅन फिरवत ठेवतो, माझा तर थांबत होता. तरी खात्रीसाठी हॉर्नचा सेम नंबरचा रिले लावला, जैसे थे! म्हणजे ऑर्डर ईसीयूकडूनच (इंजिनचा कॉम्प्युटर) येतेय.

स्कॅनर (ईसीयूला काय दिसतंय ते दाखवणारं यंत्र) लावला तर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान उणे ४० अंश 😄 तापमानाच्या सेन्सरचं सर्किट तुटलं की असलंच काहीतरी दिसतं, आणि इंजिन तापून बसू नये म्हणून ईसीयू सरळ फॅन चालू ठेवतो, शहाणा आहे बिचारा. सेन्सरचा कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवट गंज. साफ करून खटकन बसवला, रीडिंग २७ आणि फॅन बंद.

आणि मी काल रात्री नवी फॅन मोटर शोधत बसलो होतो...