डाय घासलेली सगळ्यांना ठाऊक होती

2018 सालची गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात मी वेल्ड शॉपचा सुपरवायझर होतो. गाड्यांच्या सीटच्या फ्रेम आमच्याकडे हाताने मिग वेल्डिंग करून निघत. त्या लाइनवर दोन रोबो बसले. ट्रायलला सुरुवातीच्याच फ्रेमींचे जॉइंट जळून भोकं पडली. रोबोवाले इंजिनिअर टीच पेंडंट, म्हणजे रोबोला हालचाल शिकवायचा रिमोट, हातात धरून कधी करंट कमी करत, कधी स्पीड वाढवत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिजेक्शनची ट्रॉली भरली. आमचे जुने वेल्डर जाळीबाहेर हाताची घडी घालून उभे.

खरी भानगड प्रेस शॉपमध्ये होती. पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, घासल्यामुळे ब्रॅकेट आणि पाइपमध्ये कधी अर्धा, कधी दीड मिलिमीटर फट राहायची. माणूस फट बघून वेल्डिंगची टॉर्च जरा झुलवतो, भरून काढतो. रोबो शिकवलेल्या रेषेवरूनच जाणार. हे त्या सगळ्या वेल्डरना ठाऊक होतं, पण कोणी तोंड उघडेना.

का उघडावं? यंत्रामुळे माणसं कमी होणार असतील तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ खाली 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागायची. नोटीस निघाली नव्हती. नोटीस नाही म्हणजे कपात नाही, हा एचआरचा हिशेब. ‘कुणाचीही नोकरी जाणार नाही’ असं सभेत सांगून झालं होतं, आणि त्या सभेला कंत्राटी पोरांना बोलावलंच नव्हतं. लोक काय समजायचं ते समजले.

चारच्या सुमारास प्लांट हेड खाली आले. युनियनच्या सेक्रेटरींनी थेट विचारलं, “साहेब, लिहून देता का?”

“परमनंटांचं देतो, उद्या बोर्डावर लावतो. कंत्राटी पोरांचं नाही देऊ शकत. त्यातली निम्मी कमी होणार.”

एचआरच्या मॅडमचा चेहरा पडला. आता दंगा होणार असं मला वाटलं. त्याऐवजी, आम्ही ज्यांना मामा म्हणायचो त्या वेल्डरनी एक रिजेक्ट फ्रेम उचलली, फट मोजायच्या फीलर गेजची पाती फटीत सरकवून दाखवली. “रोबोला कशाला शिव्या घालताय? आधी डाय बघा.” डाय त्याच रात्री दुरुस्तीला गेली.

साहेबांचा खरेपणा मला तेव्हा आवडला, आजही आवडतो. पण त्यांच्यावर विश्वास टाकणं परवडलं ते परमनंटांना. कंत्राटी पोरं तिथंच उभी होती. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, निम्म्यात मी आहे का?” यादी ठेकेदाराकडे होती आणि महिनाअखेरीशिवाय फोडायची नाही असं ठरलं होतं. मी ती मागवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या आत पोरांना नावं सांगितली. त्यावरून मला केबिनमध्ये बोलावणं आलं.