गालावरची पेन्सिल

साठच्या दशकातलं स्टुडिओ पोर्ट्रेट, ६ बाय ६ सेंटिमीटरची कृष्णधवल निगेटिव्ह, नऊवारीतल्या बाई. त्यांचा मुलगा ती माझ्याकडे, जुने फोटो सुधारायला, घेऊन आला होता. मागणी नेहमीचीच: "जरा उठावदार करा."

स्कॅन मी १६ बिटमध्येच करतो, म्हणजे छटा जास्त मिळतात. ८ बिटमध्ये करड्याच्या पायऱ्या २५६च. त्या ताणल्या की हिस्टोग्रामचा, म्हणजे छटांच्या आलेखाचा, कंगवा होतो: मध्ये मध्ये छटाच उरत नाहीत. तरी 'ऑटो' दाबून पैसे घेणारे आहेतच. इथे लेव्हल्सचा, म्हणजे काळं-पांढरं टोक ताणण्याचा, उपयोग नव्हता. काठाची जर पांढरी, अंबाडा काळा, दोन्ही टोकं जागेवर. मळभ होतं मधल्या करड्यात, म्हणजे नेमकं चेहऱ्यावर. छटा वर-खाली करणाऱ्या कर्व्हला इंग्रजी एसचा बाक दिला तर चेहरा उठे, पण जर आणि केस सपाट होत. मग अनशार्प मास्क, म्हणजे कडांजवळचा उजेड-अंधाराचा फरक वाढवणारा फिल्टर. धार काढायला त्याचा रेडियस, म्हणजे कडेपासूनचा पसारा, एखाद-दुसरा पिक्सेल ठेवतात. मी ८० ठेवला आणि अमाउंट, म्हणजे जोर, फक्त २० टक्के. त्याने मधल्या छटा एकमेकींपासून सुटतात. अंबाड्याभोवती पांढरं वलय आलं, ते मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग परिणामातून झाकून, पुसलं.

गाल उठले, आणि त्यांवर बारीक, फिक्या रेघोट्या दिसू लागल्या. निगेटिव्ह उजेडात तिरकी धरली तर इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या, बाजूला चकाकी. शिसपेन्सिल! जुने रिटचर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरच खड्डे भरत. तिथे गडद केलं की प्रिंटमध्ये उजळतं. काय हात होता त्या माणसाचा! आजचे त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर त्याच्यापुढे थोबाडावर मेण ओततात.

रेघांखाली देवीचे व्रण होते.

मुलाला फोन केला. "ते दिसू देऊ नका," म्हणाला. मग गालांपुरता मास्क लावून तिथला कॉन्ट्रास्ट मूळचाच ठेवला. तो फोटो त्याने मोठा करून नेला, जाताना "थोडी गोरी करता येईल का?" हेही विचारलंच. हा प्रश्न कुणी चुकवत नाही.

त्याच्या थोरल्या बहिणीला मात्र रेघांसकट फाइल हवी होती. ती बघून तिचा फोन आला: "आईचा व्रण दिसणारा एकही फोटो घरात नाही. पेन्सिल निघेल का?"

निघते. कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून हलक्या हाताने पुसली की निघते, आणि त्या रिटचरचं काम कायमचं जातं. भावाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही, असं मी सांगितलं.

"त्याला फोटो मिळाला ना," ती म्हणाली, "निगेटिव्ह कशाला लागतेय?"