पॉइंट टू-टूच्या (.22 कॅलिबरच्या) टार्गेट रायफलसाठी स्कोप निवडताना

स्कोप (रायफलवरची दुर्बीण) घेताना बहुतेकांची नजर आधी मॅग्निफिकेशनवर जाते. माझ्या मते आधी पॅरॅलॅक्स पाहावा, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर (नेम धरायची फुली) टार्गेटवर सरकल्यासारखी दिसणं. सेंटरफायरसाठीचे (जास्त ताकदीच्या काडतुसांच्या रायफलींचे) बरेच स्कोप 100 यार्डांच्या अंतराला पॅरॅलॅक्स जुळवून पक्के केलेले असतात. 50 मीटरवर डोळा जरा सरकला की क्रॉसहेअरही टार्गेटवर सरकते आणि ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) विनाकारण फाकतो. म्हणून 25 मीटर किंवा त्याहून जवळ फोकस होणारा, पॅरॅलॅक्स जुळवता येणारा स्कोपच घ्या.

तपासणी सोपी आहे. आधी पांढऱ्या भिंतीकडे बघून आयपीस फिरवा, क्रॉसहेअर काळीभोर दिसली पाहिजे. मग रायफल सँडबॅगवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोकं वरखाली, डावीउजवीकडे हलवा. क्रॉसहेअर जागची हलत नाही तोवर पॅरॅलॅक्सची रिंग फिरवत राहा. रिंगवरच्या आकड्यांवर विसंबू नका, ते अनेकदा चुकतात.

क्लिक (नेम सरकवणाऱ्या नॉबची एक पायरी) 1/8 एमओएची हवी; एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. 50 मीटरवर ती साधारण 1.8 मिलिमीटर सरकवते, 1/4 ची 3.6. गोळीच 5.6 मिलिमीटरची, तेव्हा हा फरक लहान नाही!

बेंचरेस्टला (टेबलावर रायफल टेकवून केलेल्या नेमबाजीला) 36 पट उत्तम. मात्र 40 मिलिमीटरच्या भिंगातून 36 पटीवर डोळ्याशी येणारा प्रकाशझोत जेमतेम 1.1 मिलिमीटरचा उरतो. चित्र अंधारतं, डोकं अगदी नेमकं ठेवावं लागतं. उन्हात मृगजळाची थरथरही वाढते. त्यामुळे पट कमी करता येणारा स्कोप जास्त उपयोगी पडतो.