बसलाय की बसलीय?

पूजेसाठी जास्वंद तोडायला हात पुढे केला, तर दोन फांद्यांच्या मधोमध तो. डोकं खाली करून निवांत. "अगंबाई, कोळी!" मी ओरडलेच. गेटपाशी झाडणाऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "मकड़ी बैठी है भाभी, कुछ नहीं करती."

इंदूरच्या मराठी घरातली ही नेहमीची पंचाईत. एकच जीव फाटकाबाहेर स्त्रीलिंगी आणि आत आला की पुल्लिंगी. बरं, कोळीण म्हणावं तर डोक्यावर मासळीची पाटी येते.

चष्मा लावून पाहिलं. पोटावर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढचा भाग काजूकतलीच्या वर्खासारखा चंदेरी. पाय आठच, पण दोन-दोन जुळवून ठेवलेले, त्यामुळे चारच वाटतात, फुलीसारखे. आणि त्या फुलीच्या टोकांपासून जाळ्यावर पांढरी नागमोडी शिवण, परकराला लावायची झिगझॅग लेस असते ना, अगदी तशी. एवढ्या खुणांवर ओळख पटली. हा आर्जिओपी, म्हणजेच सिग्नेचर स्पायडर. जाळ्यावर सही ठोकणारा. आमच्या आजोबांची मोडीतली सहीही अशीच होती, कुणाच्या बापाला लागायची नाही. ही सही तरी कशासाठी? पाखरांनी आरपार घुसून जाळं फाडू नये म्हणून, की तिच्यावरून परतणाऱ्या अतिनील किरणांना किडे भुलावेत म्हणून, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे.

पण खरी गंमत पुढेच. मधोमध ऐसपैस बसते ती मादी. नर तिच्या निम्म्याहूनही लहान, कडेला कुठेतरी लटकलेला, आणि मीलनानंतर पुष्कळदा तिच्याच पोटात जातो. म्हणजे बाईंचं व्याकरण बरोबर होतं! हे मी जेवताना यांना सांगितलं. ते ताटात बघत राहिले.

घरात नवरात्राआधीची जळमटं काढणं चालू होतं. पण जळमट म्हणजे टाकून दिलेलं, धूळ खात पडलेलं जाळं. ही जुने चिकट धागे स्वतःच खाते आणि त्याच प्रथिनांतून नवं सूत काढते. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर मिरवणाऱ्या गावात ओला-सुका वेगळा करायची भानगड नसलेली ही एकटीच.

हळूच फुंकर मारली, तर तिने अख्खं जाळं झोपाळ्यासारखं गदागदा हलवलं. मी मागे सरले.

एवढ्यात सासूबाई परडी घेऊन आल्या.

"आई, त्या फांदीला नको, तिथे कोळी बसलीय."

त्या थबकल्या. "बसलीय?"