अल्बर्ट थरगूडचे गोल मोजताना

1892 मध्ये 56, 1893 मध्ये 64, 1894 मध्ये 63. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मेलबर्नच्या एसेंडन क्लबकडून अल्बर्ट थरगूडने मोसमागणिक केलेले हे गोल आज फार भारी वाटत नाहीत. पण तेव्हा अख्खा संघ मिळून सामन्यात पाच-सहा गोल करी, आणि मैदानात एका बाजूचे वीस जण असत. जागा कमी, गर्दी जास्त. त्यातून निकाल फक्त गोलांवर लागे. बिहाइंडची (म्हणजे गोलाच्या खांबांच्या थोडं बाजूने गेलेल्या चेंडूची) नोंद व्हायची, पण गुण मिळत नसे. गोलाला सहा आणि बिहाइंडला एक ही पद्धत मेलबर्नला 1897 मध्ये नव्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगबरोबर आली. 1893 च्या मोसमात एसेंडन एकही सामना हरला नाही, यात त्या 64 गोलांचा वाटा उघड आहे.

मग मेलबर्नमध्ये मंदी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी. 1895 ते 1897 थरगूड तिकडच्या फ्रीमँटलकडून खेळला. 1898 मध्ये मेलबर्नला परतला, तर लीगने खेळायची परवानगीच दिली नाही. ऐन चोविसाव्या वर्षी अख्खा मोसम फुकट गेला. कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या मते हेच.

1899 मध्ये त्याने मारलेली प्लेस किक (जमिनीवर टेकवलेल्या चेंडूला मारलेली किक) मोजली गेली: 107 यार्ड 2 फूट 1 इंच, म्हणजे सुमारे 98.5 मीटर. या किकसाठी टाचेने जमिनीत छोटा खड्डा करायचा, त्यात चेंडू उभा टेकवायचा, मागे जाऊन धावत यायचं. स्थिर चेंडूवर पूर्ण ताकद लावता येते, म्हणून पल्ला लांब. चेंडू कलला की किक तिरकी जाते, आणि मुळात ती मांडायला वेळ लागतो. मार्क, म्हणजे किकवरून आलेला चेंडू हवेतच झेलला, की तो वेळ मिळतो, धावत्या खेळात नाही. तिथे ड्रॉप किक: चेंडू सोडायचा आणि जमिनीवरून उसळताक्षणी मारायचा. चिखलात तो नीट उसळत नाही, म्हणून ओल्या मैदानावर ती हमखास फसते. एवढा लांबचा आकडा ऐकला की वारा कुठल्या बाजूचा होता हे विचारावं, पण अंतिम सामन्यातल्या गोलांना ती शंका लागू नाही.

1901 चा अंतिम सामना साउथ मेलबर्नच्या लेक ओव्हलवर झाला. तोवर संघ अठरा जणांचे झाले होते. एसेंडन 43 गुण, कॉलिंगवुड 16. एसेंडनच्या सहा गोलांपैकी तीन थरगूडचे. कॉलिंगवुडचे सगळे मिळून दोन. 1902 नंतर तो थांबला आणि 1906 मध्ये थोडे सामने खेळून गेला.