टोमॅटो कुठला लावू?

श्रावण लागला की हा प्रश्न येतोच. "काकू, यंदा गच्चीवर टोमॅटो लावायचाय. चवीला कुठला चांगला?" आणि त्याच दमात, "लालभडक आणि आठवडाभर टिकणारा हवा हं."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, टिकणारा हवा असेल तर सरळ मंडईत जा. नारायणगावाहून क्रेटच्या क्रेट येतात. जाड सालीचे, घट्ट गराचे, जेमतेम रंग धरताच खुडलेले. शेतकऱ्याला तरी काय बोलणार, मऊ फळ ट्रकमध्ये चेपलं तर त्याच्या हाती काय राहणार? पण तुमच्या टोमॅटोला गच्चीवरून फक्त ओट्यापर्यंत यायचंय. तेव्हा बिनधास्त पातळ सालीचा लावा.

मी गावठी लावते. चपटा, भोपळ्यासारख्या फाकी पडलेला, दिसायला ओबडधोबड. चिरला की रसाचा ओघळ विळीवरून ताटात. काहीजण बिया काढून टाकतात, बघवत नाही मला. आंबटपणा त्या बियांभोवतीच्या बुळबुळीत गरातच तर जास्त असतो! सार करायचं तर हाच.

फळ कच्चं असताना देठाकडे बघा. तिथे गडद हिरवा पट्टा दिसला तर खूश व्हा. बाजाराला फळ सगळीकडून एकसारखं पिकलेलं हवं, म्हणून निवड करता करता हा पट्टा घालवला गेला. 2012 मध्ये संशोधकांनी दाखवलं की अशा बाजारी वाणांत हा पट्टा आणणारं जनुकच बिघडलेलं असतं. फळात हरितद्रव्य कमी, म्हणून फळ स्वतः बनवतं ती साखरही कमी.

गावठी बी नाही मिळालं तर पुसा रूबी घ्या. जुनं सरळ वाण, म्हणजे हायब्रिड नव्हे, चवीला आंबटसर. पानं आकसून झाड दरवर्षी हातचं जात असेल तर बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक बरं. रोगाला दाद देत नाही, फळ मात्र घट्ट. घरात लहान मुलं असतील तर एक कुंडी चेरी टोमॅटोची. खाली स्वयंपाकघरात काही पोचणार नाही, ते सोडा.

पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका. एका वर्षी मी 'गावठी' लिहिलेलं पाकीट आणलं आणि आले अंड्यासारखे टणक टोमॅटो. कोशिंबीर खाऊन सासूबाई म्हणाल्या, "काकडी लाल कशी गं झाली?"

वाण चांगलं असलं तरी पाण्यावर चव जाते. फळं रंग धरू लागली की पाणी बेताचं. आधी कोरडं ठेवून मग बदाबदा ओतलंत तर साल तडकते. आणि ऊन हवंच, सहा तास तरी. पुण्यात मेमध्ये फुलं नुसती गळतात, म्हणून रोपं भाद्रपदात करायची. पिकलेलं फळ फ्रिजमध्ये टाकू नका, वास जातो.

बी मात्र घरचं धरा. हायब्रिडचं नको, पुढच्या पिढीत काय निघेल नेम नाही. सगळ्यात निरोगी झाडाचं एक फळ पूर्ण पिकू द्यायचं, बिया गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवायच्या, धुवायच्या आणि वर्तमानपत्रावर पसरायच्या. वाळल्या की कागदाला घट्ट चिकटतात. मी सोडवत बसत नाही, पुढच्या वर्षी कागद फाडून तुकड्यासकट मातीत टाकते.