चार वाजताची वांगी

"ताई, बाजार तर रात्री आठपर्यंत भरलेला असतो, मग तुम्ही चारलाच सगळी वांगी कोचियाला, म्हणजे माल घेऊन पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल त्या भावात का देऊन टाकता?" नेहमीचे गिऱ्हाईक मला हे हमखास विचारते. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट लागते, त्याचा आधार फार मोठा आहे. पण गाडी गच्च भरली की उरलेल्या मालाचे डाले पाहूनच वाहक मान हलवतो. खरे गिऱ्हाईक येते ते कचेऱ्या सुटल्यावर, सहानंतर. तेव्हा माझ्याच जागेवर कोचिया माझीच वांगी दुप्पट भावाने विकत असतो, कारण त्याच्यापाशी मोटारसायकल आहे.

दुसरे कारण सांगताना बायका लाजतात. बाजारात आम्हाला लघवीला जाण्यासारखी जागा नाही, म्हणून घरून निघाल्यापासून मी पाण्याचा घोट घेत नाही. सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्यांवर ओले बारदान टाकून त्यावर बाटलीतले पाणी शिंपडत राहते आणि स्वतः कोरड्या ओठांनी बसते. घासाघीस करायला अंगात त्राण लागते. ते दुपारच्या उन्हात सरते, आणि कोचिया नेमका तेव्हाच येतो.

२०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे माल कुठेही विकण्याची मुभा आहे. मात्र आमच्या बाजारातले ओटे रोजच्या दुकानदारांनी धरलेले आहेत, आणि हर्राशीत (लिलावात) बाजारकराच्या वसुलीचा ठेका घेतलेल्याचा माणूस बोहनी होण्याआधीच चिठ्ठी फाडतो.

तरीही मी बाजार सोडत नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे खरेदी केंद्रावर दिलेल्या धानाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, त्यांच्याच खात्यात जमा होतो. माझ्या कनवटीला येतात ते फक्त वाडीतल्या भाजीचे पैसे, आणि मुलीच्या वह्या-पुस्तकांपासून माझ्या औषधापर्यंत सगळे त्यातूनच भागते.

मागच्या बाजाराला आम्ही चौघींनी मिळून परतीचा ऑटो ठरवला आणि साडेसातपर्यंत बसलो. वांगी चांगल्या भावाने गेली, पण भाडे चौघींना जड पडले. आणखी दोघी मिळाल्या तर ते परवडेल. एकीने होकार दिला आहे, दुसरीच्या सासूबाईंशी मी उद्या बोलणार आहे.